ग्राफ चढतोय, बघतंय कोण?

सर्व्हर बंद पडला, हे कंपनीला सर्वांत आधी कोण सांगतं?

सिस्टीम ॲडमिन? नाही. दरवर्षी एएमसीचे पैसे मोजून घेणारा व्हेंडर? अजिबात नाही. ग्राहक सांगतो. फोन करून, आवाज चढवून सांगतो. मग सेल्सवाला आयटीवाल्याला विचारतो, आयटीवाला व्हेंडरला विचारतो आणि व्हेंडर उलट विचारतो, "रीस्टार्ट करून बघितलंत का?"

यावर म्हणे औषध निघालंय. नाव भारदस्त आहे: ओपन सोर्स टाइम सिरीज डेटाबेस. काम अगदी साधं. ठरावीक सेकंदांनी यंत्राची विचारपूस करायची आणि आलेला आकडा वेळेसकट लिहून ठेवायचा. प्रोसेसर किती राबतोय, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली. एक नाव, एक वेळ, एक आकडा. संपलं.

एवढ्यासाठी वेगळा डेटाबेस कशाला? नेहमीच्या डेटाबेसात ग्राहकाचा पत्ता बदलतो, बिल दुरुस्त होतं, नोंद खोडता येते. इथे फक्त नवी ओळ खाली जोडली जाते. दुपारी सव्वादोनला मेमरी संपली होती, तर संपली होती. होऊन गेलेली वेळ कुणी दुरुस्त करत नाही.

मीटिंगचं इतिवृत्त सोडून.

आता हिशेब करू. एका सर्व्हरच्या हजार गोष्टी मोजायच्या, दर १५ सेकंदांनी. दिवसाला ५७ लाख ६० हजार नोंदी झाल्या. असे ५० सर्व्हर धरले तर २८ कोटी ८० लाख. आकडा ऐकूनच खरेदी विभागाचे डोळे लकाकतात. मोठा डेटा म्हणजे मोठं स्टोरेज, मोठं स्टोरेज म्हणजे मोठं टेंडर!

जरा थांबा. या जातकुळीतला सर्वांत गाजलेला डेटाबेस म्हणजे प्रॉमिथियस. तो एक नोंद सरासरी एक ते दोन बाइटमध्ये बसवतो. सढळ हाताने दोन धरा. ५० सर्व्हरचा १५ दिवसांचा सगळा इतिहास नऊ जीबीच्या आत बसतो. म्हणजे १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मावतो, वर साहेबांच्या नातवाच्या बारशाचे फोटोही मावतात.

टेंडर बुडालं.

ही किमया कशी होते? २०१५ साली फेसबुकच्या इंजिनिअरांनी आपल्या गोरिला नावाच्या डेटाबेसवर एक निबंध प्रसिद्ध केला. १६ बाइटची नोंद त्यांनी सरासरी १.३७ बाइटवर आणून दाखवली. त्यातली एक युक्ती अशी की यंत्र ठरल्या वेळीच बोलणार असेल, तर दर वेळी तारीख-वार-तास कशाला लिहायचा? 'नेहमीप्रमाणे' एवढीच खूण करा. त्यांच्याकडच्या ९६ टक्के नोंदींच्या वेळा अशा एकेका बिटात मावल्या. हाच प्रयोग आपल्या सरकारी फायलींवर केला तर? 'नेहमीप्रमाणे' या एका शेऱ्यात अख्खी रेकॉर्ड रूम रिकामी होईल.

ही हत्यारं घडवली कुणी? १९९९ मध्ये टोबियास ओटिकर यांनी आरआरडीटूल दिलं. विमानाची तिकिटं विकणाऱ्या ऑर्बिट्झमध्ये ग्राफाइट जन्मलं. गाणी ऐकवणाऱ्या साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली प्रॉमिथियसचं काम सुरू झालं, २०१५च्या जानेवारीत ते वाजतगाजत जाहीर झालं आणि २०१६ मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनने ते आपल्या पंखाखाली घेतलं. आकड्यांचे देखणे आलेख काढणारं ग्राफाना २०१४चं. तिकीटवाले आणि गाणीवाले, ज्यांचा मूळ धंदाच दुसरा, त्यांनी गरज पडली म्हणून हत्यार बनवलं आणि बनवलं म्हणून वाटून टाकलं.

आपल्याकडे गरज पडली की आधी कोटेशन मागवतात.

नाशिकचंच घ्या. इथे सर्व्हर काही नवे नाहीत. सातपूरच्या एमआयडीसीत ईएसडीएस या कंपनीचं डेटा सेंटर उभं आहे. द्राक्षं, कांदा आणि नोटांचा छापखाना यांच्या यादीत हे गाव आता क्लाउडही लिहितं. पण डेटा सेंटर वेगळं आणि कारखान्याची सर्व्हर रूम वेगळी. पहिल्यात शिरायला ओळखपत्र लागतं. दुसरीत शिरायला झाडू न्यायचं निमित्त पुरतं.

अंबडमधल्या कुठल्याही मध्यम कारखान्याची सर्व्हर रूम डोळ्यांसमोर आणा. एकच एसी, तोही १८ वर. रॅकच्या मागे निळ्या-पिवळ्या केबलींचा गुंता. कुठली कुठे जाते, हे दोन नोकऱ्यांपूर्वीच्या माणसाला ठाऊक. कोपऱ्यात जुने मॉनिटर आणि दिवाळी गिफ्टचे रिकामे खोके. यूपीएसवर चिकटपट्टीने डकवलेला कागद: 'हात लावू नये.' आणि खरोखरच, त्या यूपीएसच्या बॅटरीला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नसतो.

सूचनेचं इतकं काटेकोर पालन आणखी कुठे होतं, सांगा!

अशा खोलीत प्रॉमिथियस बसवतो कोण? नुकताच लागलेला पोरगा. शनिवारी दुपारी, भंगारात काढलेल्या एका डेस्कटॉपवर. सोमवारी साहेबांपुढे रंगीबेरंगी ग्राफ हजर. साहेब विचारतात, "केवढ्याला पडलं?" पोरगा सांगतो, "फुकट, सर." साहेब खूश. ग्राफ पाहून थोडे, फुकट ऐकून जास्त.

सहा-आठ महिन्यांनी पोरगा हिंजवडीला जातो. नाशिकची पोरं जातातच. पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. ग्राफ इमानेइतबारे चालू राहतात, दर १५ सेकंदांनी नोंद होत राहते, फक्त उघडून बघायला लॉगइन कुणाकडे नसतं.

इतकी सुरक्षित माहिती तर बँकेतही नसेल.

ओपन सोर्समध्ये फुकट काय असतं? लायसन्स. ते बसवणारा, समजून घेणारा, पहाटे तीनला उठून डोळे चोळत स्क्रीनकडे बघणारा माणूस फुकट नसतो. लायसन्सचे वाचलेले पैसे त्या माणसावर खर्च करा, असं कुणी सुचवलं की मीटिंगमध्ये सगळे एकदम गप्प होतात आणि चहा येतो.

फुकट ऐकून खूश होणारे हे झाले साहेब. दुसरा वर्ग याच्या उलट. फुकट म्हटलं की याला वास येतो. 'किमतीशिवाय कुणी काही देतं का हो?' निविदा कशाची काढायची? फीत कशाची कापायची? पाटीवर कुणाचं नाव घालायचं? साउंडक्लाउडचा इंजिनिअर काही नारळ फोडायला गंगापूर रोडला येणार नाही.

तरी या शंकेखोरांना अगदीच वेड्यात काढू नका. इन्फ्लक्सडीबी या आणखी एका टाइम सिरीज डेटाबेसने २०१६ मध्ये अनेक सर्व्हर जोडून चालवण्याची सोय ओपन सोर्समधून काढली आणि विकतच्या आवृत्तीत ठेवली. ग्राफानाने २०२१ मध्ये परवाना बदलून एजीपीएल केला. तोही ओपन सोर्सच, पण अटी जास्त कडक. म्हणजे फुकटच्या मालावरचीही बारीक अक्षरं वाचायला हवीत. वाचतो कोण? 'मला मान्य आहे' यावर बोट ठेवलं की आपलं वाचन संपतं.

असो. डेटाबेस बसला. आता पुढचा सोहळा: भिंतीवर ५५ इंची टीव्ही. त्यावर डॅशबोर्ड. हिरव्या पट्ट्या, निळ्या लाटा, मधोमध घड्याळाच्या काट्यासारखी हलणारी सुई. पाहुणे आले की त्यांना आधी हाच टीव्ही दाखवतात. पाहुणे म्हणतात, "वा!" एखाद्या पाहुण्याने कधी विचारलंय का, "ती तिसरी रेघ काय आहे हो?"

विचारू नका. दाखवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्या टीव्हीवरचा सर्वांत लाडका आकडा म्हणजे सरासरी. 'आपली वेबसाइट सरासरी दोन सेकंदांत उघडते.' छान. ९९ जणांना एका सेकंदात उघडली आणि शंभराव्याला १०१ सेकंद लागले, तरी सरासरी दोनच येते. टीव्ही हिरवा, अहवाल हिरवा. तो शंभरावा मात्र लाल होऊन फोन लावत असतो.

लासलगावच्या शेतकऱ्याला असं गंडवता येत नाही. बाजार समिती कांद्याचा भाव रोज तीन आकड्यांत सांगते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भावाची बातमी होते, सर्वसाधारण भावावर घर चालतं आणि किमान भाव ज्याच्या वाट्याला येतो तो ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरतो. तीन आकडे आहेत म्हणून निदान भांडता तरी येतं. लाखो रुपयांच्या सर्व्हरचा कारभार चालवणाऱ्यांना मात्र एकाच आकड्यात गोड वाटतं.

बरं, जुन्या नोंदींचं काय होतं? आरआरडीटूलमध्ये फाइलचा आकार कायम ठेवायची सोय होती. नवे आकडे आले की जुन्यांची सरासरी काढून ते दाटीवाटीने बसवायचे. मागच्या वर्षी पाच मिनिटं सर्व्हरने जीव सोडला होता, ती पाच मिनिटं दिवसाच्या सरासरीत विरघळून जातात. प्रॉमिथियस अशी लबाडी करत नाही. तो सरळ सांगतो: मुद्दाम वाढवून घेतलं नाहीत, तर १५ दिवस ठेवीन, मग पुसून टाकीन.

आणि आपल्याला जाग केव्हा येते? दिवाळी सेलमध्ये सर्व्हर झोपल्यावर. चौकशी सुरू होते देवदिवाळीला. 'लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा ग्राफ दाखवा.' ग्राफ तोवर पुसला गेलेला असतो.

चौकशी समितीला इतकं सोयीचं सॉफ्टवेअर दुसरं नाही.

काही हौशी मंडळी उलट टोकाला जातात. 'सगळंच मोजू!' मग प्रत्येक नोंदीला ग्राहकाचा मोबाइल नंबर जोडतात. ग्राहक एक लाख, तर मोजणीच्या वह्या एक लाख, आणि प्रत्येक वही मेमरी खाते. प्रॉमिथियसच्या माहितीपत्रकात स्पष्ट बजावलंय की वापरकर्त्याचा क्रमांक, ई-मेल असलं काही लेबलात घालू नका. पण माहितीपत्रक वाचणं कमीपणाचं असतं. परिणाम? धंद्याचा सर्व्हर ठणठणीत आणि त्याच्यावर नजर ठेवणाराच मेमरी संपून आडवा.

घड्याळाचीही गंमत आहे. टाइम सिरीजमध्ये पहिला शब्दच टाइम. पण दहा सर्व्हरची दहा घड्याळं दहा तऱ्हांनी चालतात. एक सात मिनिटं पुढे, दुसरं चार मिनिटं मागे. लॉग एकत्र ठेवून पाहिलं तर चोर आधी पळाला आणि दार नंतर उघडलं. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इनने आदेशच काढला: घड्याळं एनआयसीच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा, लॉग १८० दिवस जपा. देशाच्या सायबर सुरक्षेचं खातं आम्हाला घड्याळ लावायला सांगतं. शाळेत हे काम शिपाईमामा करायचे.

त्याच आदेशात आणखी एक कलम आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. लक्षात आल्यापासून! चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलंच असेल की नियम पाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कुठला.

लक्षातच येऊ द्यायचं नाही.

आता अलर्टकडे वळू. इथे खरी मजा आहे. प्रॉमिथियसला एक विद्या येते. गेल्या तासाभरात डिस्क कोणत्या वेगाने भरली ते पाहून तो सांगतो, हाच वेग राहिला तर चार तासांनी जागा संपेल. चार तास आधी! आपल्याकडे लोडशेडिंगची सूचनासुद्धा इतकी आधी येत नाही. हा निरोप जातो कुठे? 'सर्व्हर अलर्ट्स ऑफिशियल' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपमध्ये सदतीस जण. म्यूट करून ठेवलेले सदतीस जण.

दोष त्यांचा तरी कसा म्हणायचा? त्या ग्रुपवर दिवसभर काय येतं? बॅकअप झाला. बॅकअप सुरू झाला. प्रोसेसर ८० टक्के. प्रोसेसर ७९ टक्के. प्रोसेसर पुन्हा ८० टक्के. मधेच कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा गुलाब. नव्वदाव्या निरोपानंतर माणूस बघायचं सोडतो आणि एक्क्याण्णवावा निरोप असतो डिस्क भरल्याचा.

यावरही तोड आहे, आणि तीही फुकट. पाच मिनिटं सलग त्रास झाला तरच बोल, असं नियमात लिहिता येतं. सारखे दहा निरोप एकाच निरोपात बांधता येतात. मुख्य स्विचच मेला असेल तर त्यामागच्या चाळीस यंत्रांनी वेगवेगळी बोंब मारू नये, हेही सांगता येतं. या शेवटच्या दोन कामांना तर अलर्टमॅनेजर नावाचा खास गडी असतो. पण त्यासाठी बसून विचार करावा लागतो. डिस्क ९० टक्के भरली की ओरडायचं, की ९५ टक्के? कुणाला सांगायचं? रात्री उठवायचं, की सकाळी कळलं तरी चालेल?

हे प्रश्न डेटाबेसला पडत नाहीत. ते माणसाने ठरवायचे असतात, म्हणून राहून जातात.

नाशिककरांना हे ठरवणं नवीन आहे का हो? रामकुंडाजवळ गोदापात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की प्रशासन क्युसेकचा आकडा जाहीर करतं. हजारांत असलेला तो आकडा ऐकून किती जणांना बोध होतो? नाशिककर एकच विचारतो, "मारुतीला कुठपर्यंत लागलंय?" गुडघा, कंबर, छाती, गळा. २०१६च्या आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये मारुती बुडाला, तेव्हा पुढे काय होणार हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मारुतीजवळ सर्व्हर नाही, लायसन्स नाही, लॉगइन नाही. तरी ही यंत्रणा चालते. कारण प्रत्येक खुणेला एक काम जोडलेलं आहे. पाणी अमुक ठिकाणी आलं की भांडी बाजारात खालचा माल वर चढवायचा, तमुक ठिकाणी आलं की सराफ बाजारात शटर ओढायचं. कुणी काय उचलायचं, हे दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ असतं. तो मीटिंगची वाट पाहत नाही.

'डिस्क ९१ टक्के.' बरं, मग? उचलायचं काय आणि कुणी?

इथे सगळ्यांची दातखीळ बसते.

केवळ छोट्या कंपन्यांचीच ऐन वेळी अशी पंचाईत होते, असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब झाले. हेच ते गोरिलावाले फेसबुक, १.३७ बाइटवाले! नेटवर्कच्या देखभालीत गडबड झाली आणि जगाशी जोडणारे रस्तेच मिटले. दुरुस्तीची आतली हत्यारंही त्याच नेटवर्कवर होती, तीही गेली. इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये शिरून हाताने काम करावं लागलं, आणि शिरायलाही वेळ लागला.

आपल्याकडे प्रॉमिथियस कुठे ठेवतात? ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची, त्याच रॅकमध्ये, त्याच 'हात लावू नये' यूपीएसवर. वीज गेली की रुग्ण आणि डॉक्टर एकदमच जातात. शेजारच्या इमारतीत एक स्वस्तातलं यंत्र ठेवून 'मोठा प्रॉमिथियस जिवंत आहे का' एवढं विचारलं तरी पुरे. पण शेजारच्या इमारतीचं बजेट वेगळ्या खात्याचं असतं.

विचारण्यालाही मर्यादा हवी म्हणा. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय काही तास कोलमडलं. तपासात काय निघालं? काही बँका 'तो व्यवहार झाला का?' हे पुन्हा पुन्हा विचारून यंत्रणेला भंडावत होत्या. व्यवहारांनी नव्हे, चौकशीने गाडी अडली. मग १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आला की एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येईल.

पन्नास वेळा बघूनही ती वाढत नाही, हे कोणता डेटाबेस सांगणार?

उलट एक उदाहरण पाहा. २९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर. सर्व्हरमध्ये लॉगइन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. तो खणत गेला. एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स तुकड्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो बहुतेक सर्व्हरपर्यंत पोचायच्या आत त्याने जगाला सावध केलं. अर्ध्या सेकंदावरून!

आपल्याकडे अर्धा तास गेला तरी 'नेट स्लो दिसतंय' म्हणून कटिंग मागवतात.

फ्रॉइंडला भिंतीवरच्या टीव्हीने सांगितलं नव्हतं. त्याला 'नेहमी किती वेळ लागतो' हे ठाऊक होतं, म्हणून 'आज जास्त लागतोय' हे कळलं. टाइम सिरीज डेटाबेसचा सगळा फायदा एवढाच आहे. तो 'नेहमी' लिहून ठेवतो. 'आज' ओळखायला मात्र डोकं जागेवर लागतं.

ही सगळी आयटीवाल्यांची आपसातली कटकट, असं म्हणून पान उलटू नका. नाशिकच्या दारात सिंहस्थ आहे, २०२७चा. कॅमेरे येतील, कमांड सेंटर येईल, गर्दीचे आकडे सेकंदागणिक येतील. टीव्ही ५५ इंची नसेल, अख्खी भिंत असेल. उद्घाटनाला कोण कोण येणार, याची चर्चा आतापासून रंगेल.

जरा मागे पाहू. २७ ऑगस्ट २००३ रोजी याच शहरात सिंहस्थाच्या स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. गर्दी इतकी झाली की सुटायला रस्ता उरला नव्हता. २०१५च्या कुंभात शाळकरी वयाचा नाशिककर निलय कुलकर्णी आणि त्याचे सोबती यांनी 'अशिओतो' आणलं. जमिनीवर अंथरायची चटई, वरून गेलेली पावलं मोजणारी, आकडा त्याच क्षणी सर्व्हरवर धाडणारी. १८ तासांत पाच लाखांहून जास्त माणसं तिने मोजली.

म्हणजे टाइम सिरीज काय चीज आहे, हे नाशिकच्या शाळकरी पोराला दहा-बारा वर्षांपूर्वी कळलं होतं. साहेबांना कळायला किती सिंहस्थ लागतील?

मोजणं जमेल हो. मोजणं आता स्वस्त आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, आकडे पेन ड्राइव्हमध्ये मावतात. प्रश्न पुढचा आहे. गल्लीतला आकडा लाल झाला, तर बॅरिकेड बंद करायचा हुकूम कोण देणार? तिथे उभा असलेला हवालदार, की तो ज्याला विचारील तो, की तो ज्याला विचारील तो? वरपर्यंत जाऊन उत्तर खाली येईस्तोवर किती मिनिटं जातील? हीसुद्धा एक टाइम सिरीज आहे. ती कोणी काढली आहे का?

सर्व्हरची डिस्क भरली तर ग्राहक ओरडतो. घाट भरला तर ओरडायलाही जागा राहत नाही.

तेव्हा वाचकहो, प्रॉमिथियस घ्या, इन्फ्लक्सडीबी घ्या, आणखी काही घ्या. नावावरून भांडत बसू नका. या सोमवारी ऑफिसला गेलात की एकच काम करा. अलर्टची यादी काढा. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव लिहा आणि त्याने काय करायचं, ते एका ओळीत लिहा. त्या माणसाला ते वरच्यांना न विचारता करायची मुभा द्या. नाव सुचत नसेल, किंवा नाव आहे पण मुभा नाही, तर तो अलर्ट तिथल्या तिथे पुसून टाका. निदान व्हॉट्सॲपला तरी शांतता मिळेल.

आणि हो, 'संबंधित विभाग' हे कुणाचंही नाव नसतं.